आयुर्वेदिक वनौषधींची पारख : वैद्याच्या दृष्टीपासून प्रयोगशाळेपर्यंत

औषधी वनस्पतीची अचूक ओळख हा आयुर्वेदातील प्राचीन प्रश्न होय. गुराखी, मेंढपाळ व वनवासी यांना वनस्पतींची नावे व रूपे ठाऊक असतात. परंतु तेवढ्याने त्यांचा योग्य उपयोग कळत नाही, असे चरकसंहितेच्या सूत्रस्थानात म्हटले आहे. अज्ञात औषधाची तुलना तेथे विष, शस्त्र व अग्नी यांच्याशी केली आहे. वैद्य स्वतः औषधे निवडून सिद्ध करीत असे, तोवर पारखीची जबाबदारी त्याचीच होती. औषधनिर्मिती कारखान्यात गेली आणि साल, मुळे व चूर्ण व्यापाऱ्यांमार्फत येऊ लागले, तेव्हा ही जबाबदारी विभागली गेली.

या विभागणीचे परिणाम अशोकाच्या उदाहरणावरून स्पष्ट होतात. महाराष्ट्रात रस्त्याकडेच्या सरळ, उंच आसुपालवालाही सर्रास ‘अशोक’ म्हणतात. औषधी वृक्ष मात्र सीता अशोक, म्हणजे सराका असोका होय. बाजारात एकाची साल दुसऱ्याच्या नावाने विकली जाते. ‘ब्राह्मी’ या नावाने बाकोपा व मंडूकपर्णी अशा दोन भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. पहिल्या बाबतीत भेसळ, तर दुसऱ्या बाबतीत नामसंभ्रम आहे. सूक्ष्मदर्शकाखालील पेशीरचना, राखेचे प्रमाण व वर्णलेखन या चाचण्या अशा वेळी उपयोगी पडतात.

कायद्याचे लक्ष या प्रश्नाकडे उशिरा वळले. कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीनंतर १९४० चा औषध कायदा आला; परंतु केवळ आयुर्वेदिक व युनानी पद्धतीने वापरावयाची औषधे त्याच्या व्याख्येतून वगळण्यात आली होती. १९६४ च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण जोडले गेले. १९७० मध्ये गाझियाबाद येथे भारतीय औषधींची मानके ठरविणारी प्रयोगशाळा स्थापन झाली. १९८२ च्या दुरुस्तीने भेसळयुक्त व बनावट आयुर्वेदिक औषधांच्या व्याख्या कायद्यात आल्या, तर २००० मध्ये उत्तम निर्मितीपद्धतीचे नियम अधिसूचित झाले.

२००४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे संशोधन प्रसिद्ध झाले. रसशास्त्रात धातूंचा हेतुपुरस्सर वापर होतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. तथापि रुग्णाच्या शरीरात जाणाऱ्या विषारी मात्रेचा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. त्यानंतर भारत शासनाने १ जानेवारी २००६ पासून निर्यातीच्या वनस्पतिजन्य औषधांसाठी जड धातूंची चाचणी अनिवार्य केली.

या आदेशाचा रोख निर्यातीवर होता, ही बाब विचार करावयास लावणारी आहे. परदेशी ग्राहकाला मिळणारी हमी गावातील रुग्णालाही तितकीच आवश्यक आहे. शिवाय जड धातू नसलेली साल अशोकाचीच असेल, असे नाही. शुद्धता व ओळख यांची परीक्षा स्वतंत्रपणे होणे अगत्याचे आहे. वैद्याची दृष्टी बाजारातून दूर झाली असेल, तर तिची जागा घेणारी तपासणी कारखान्यात कच्चा माल उतरतो त्या दारातच सुरू झाली पाहिजे.