बेलफास्टच्या भिंती आणि तिथल्या शाळा

आपले सहावे राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग यांचा जन्म १९१८ साली बेलफास्टमध्ये झाला. त्यांचे वडील तेव्हा तिथे रब्बी होते. त्या शहरात एक जुना विनोद सांगतात. “तू प्रॉटेस्टंट की कॅथलिक?” “मी ज्यू.” “ते खरे, पण प्रॉटेस्टंट ज्यू की कॅथलिक ज्यू?” आपल्याला हसू येते. रात्री गल्लीत कोणी अडवून हाच प्रश्न विचारला, त्याला आले नसेल.

भांडण देवाच्या नावाने चालले तरी मुळात ते देश कोणता याचे आहे. १९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली आणि उत्तरेचा भाग ब्रिटनकडे राहिला. तिथल्या बहुतेक प्रॉटेस्टंटांना ते हवे होते, बहुतेक कॅथलिकांना नको होते. फाळणी म्हणजे काय, हे आपल्या पिढीला समजावून सांगायला नको. १९६९ साली दंगली पेटल्या, तेव्हा फॉल्स आणि शँकिल या दोन वस्त्यांच्या मध्ये लष्कराने तारेचे कुंपण घातले. तात्पुरते म्हणून घातलेल्या त्या कुंपणाची पुढे उंच भिंत झाली. तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. १० एप्रिल १९९८ रोजी शांततेचा करार झाला.

करारानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर २००१ मध्ये, होली क्रॉस शाळेतल्या चिमुकल्या कॅथलिक मुली प्रॉटेस्टंट वस्तीतून आईबापांचा हात धरून शाळेला जात होत्या. दोन्ही बाजूंना पोलीस आणि सैनिक, त्यांच्या पलीकडून शिव्या आणि दगड. एके सकाळी बॉम्बही फेकला गेला. वस्तीवाल्यांच्याही तक्रारी होत्या, आणि त्या सगळ्याच खोट्या नव्हत्या. पण दप्तर घेतलेल्या पोरीवर राग काढणे आम्हा शिक्षकांच्या गळी उतरत नाही.

शोफ्तीमच्या बाराव्या अध्यायातली ‘शिब्बोलेथ’ची गोष्ट आठवा. यार्देनच्या उतारावर एका शब्दाच्या उच्चारावरून एफ्राईमची माणसे ओळखून मारली गेली. बेलफास्टमध्ये इंग्रजी आठवे अक्षर तेच काम करते. कॅथलिक त्याला बहुधा ‘हेच’ म्हणतो आणि प्रॉटेस्टंट ‘एच’. हे मूल शिकते कुठे? शाळेत. आणि शाळा वेगळ्या. इतकेच काय, शिक्षक तयार करणारी महाविद्यालयेसुद्धा दोन, स्ट्रॅनमिलिस आणि सेंट मेरीज. पहिल्यात बहुतांशी प्रॉटेस्टंट, दुसरे कॅथलिकांचे. आम्ही कोंकणात शिकलो तेव्हा पोरे आम्हाला ‘शनवार तेली’ म्हणून चिडवत. पण चिडवणारा आणि आम्ही एकाच बाकावर बसत होतो, आणि गुरुजींची छडी दोघांनाही सारखीच बसे.

१९८१ साली, मारामाऱ्या जोरात असताना, काही आईबापांनी लॅगन कॉलेज नावाची शाळा काढली. स्काउटांच्या जागेत, अठ्ठावीस मुले, दोन्ही बाजूंची. सरकारी मदत आरंभी नव्हती. अशा एकत्र शाळांना उत्तेजन देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असा कायदा १९८९ साली झाला. तरीही आज दहातले एक मूलही अशा शाळेत जात नाही. चर्चेसना आपली शाळा सोडवत नाही, पुढाऱ्यांना आपले मतदार.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याला जवळून लागते. तिथल्या प्रॉटेस्टंट गल्ल्यांत पुष्कळदा आपला निळा-पांढरा झेंडा लावलेला असतो आणि भिंतीच्या पलीकडे पॅलेस्टाइनचा. आपल्यातल्या काहींना याचा आनंद होतो. आम्हाला होत नाही. तो झेंडा आपल्या प्रेमापोटी कमी आणि शेजाऱ्याला डिवचण्यासाठी जास्त लावलेला असतो. हर्झोगांच्या जन्मघरावरची पाटी हल्ल्यांमुळे २०१४ साली काढून घ्यावी लागली, तीही त्याच शहरात.

२०२३ सालापर्यंत सगळ्या भिंती पाडू, असे तिथल्या सरकारने २०१३ साली जाहीर केले होते. त्या मुदतीत त्या पडल्या नाहीत. काही ठिकाणी भिंतीतली फाटके अजून रात्री बंद होतात. लॅगन कॉलेजात आता हजारावर मुले आहेत, आणि प्रवेशासाठी अर्ज जागांपेक्षा जास्त येतात.