प्लायवुडचा रणगाडा

युद्धपटाचा नायक कसा असावा, याचा आपल्या डोक्यात एक छापील फॉर्म असतो. उंच, देखणा, आणि गोळी लागली तरी केसांचा भांग न मोडणारा! सॅम्युएल फुलरच्या ‘द स्टील हेल्मेट’मधला सार्जंट झॅक या फॉर्मच्या एकाही रकान्यात बसत नाही. आडवा देह, वाढलेली दाढी, तोंडात चिरूट आणि बोलणं असं, की सरळ उत्तर दिलं तर जणू पगार कापला जाणार आहे.

आम्ही पडलो बँकेतले. आमची नजर आधी खर्चाकडे. कोरियाचं युद्ध पेटलं जून १९५० मध्ये आणि चित्रपट झळकला जानेवारी १९५१ मध्ये. एवढ्या अवधीत आमच्याकडे कर्जाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो! चित्रीकरण १० दिवसांचं, तेही कोरियात नव्हे, लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कात. खर्च लाखभर डॉलर. फौजेला कॉलेजची २५ पोरं. रणगाडा होता, पण प्लायवुडचा.

एक माल मात्र अस्सल होता. फुलर स्वतः दुसऱ्या महायुद्धात पायदळात लढलेला. त्यामुळे त्याचा झॅक शूरबीर नाही. नुसता जिवंत उरलेला आहे. हात बांधलेल्या कैद्यांच्या कत्तलीतून तो वाचतो, हेल्मेटला भोक पडून. त्याचे हात सोडवतो एक कोरियन पोरगा, आणि मग त्याची पाठ सोडत नाही. झॅक खेकसतो, पण पोराला हाकलून देणं काही त्याला जमत नाही. पोरगा प्रार्थना लिहून त्या चिठ्ठ्या आपल्या पाठीला लावत असतो. पुढे तो मारला जातो. शेवटच्या चिठ्ठीत मागणं एवढंच, की झॅकला मी आवडू दे. पकडलेला शत्रूचा अधिकारी त्यावर कुत्सित बोलतो आणि झॅक त्या निःशस्त्र कैद्याला गोळी घालतो. मग हबकून त्यालाच वाचवायची धडपड करतो!

इथे वरच्या साहेबांची हरकत आली. आमचे सैनिक असं करत नाहीत, असं अमेरिकन लष्कराचं म्हणणं. करतात, असं फुलरचं उत्तर. साक्षीला त्याने आपला जुना कमांडर उभा केला, आणि त्यानेही होकार भरला.

हिशेब तपासताना खोटी नोंद शोधायची असते, असं आम्हांला शिकवलंय. इथे प्लायवुडचा रणगाडा बिनबोभाट पास झाला आणि लाल शाई पडली ती खऱ्या नोंदीवर.