चांद्याच्या अरण्यप्रदेशातील ग्रामसत्ता : जनपद सभेपासून ग्रामसभेपर्यंत

‘स्थानिक स्वराज्य’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी वापरला जातो. शासनाने आपल्या अधिकारांचा काही भाग खालच्या संस्थेकडे सोपवावा, हा त्याचा एक अर्थ. गावाने आपल्या सामाईक मालमत्तेचा कारभार स्वतः पाहावा व शासनाने त्यास मान्यता द्यावी, हा दुसरा. पहिल्यात सत्तेचा उगम वर असतो, तर दुसऱ्यात तो गावात असतो. पूर्वीच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत, या दोन अर्थांचा संबंध कसकसा बदलत गेला, याचा आढावा प्रस्तुत निबंधात घ्यावयाचा आहे.

आरंभ लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावापासून करावा लागतो. त्यास अनुसरून मध्यप्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला व जिल्हा मंडळे आणि त्यांच्या हाताखालील स्थानिक मंडळे अस्तित्वात आली. रस्ते, शाळा व दवाखाने हे त्यांचे क्षेत्र होते. जंगलाशी त्यांचा संबंध नव्हता. चांद्यासारख्या प्रदेशात ही उणीव किरकोळ नव्हे. कारण येथील गोंड व माडिया गावांची उपजीविका बांबू, मोह, तेंदू व चराई यांवर अवलंबून होती. जंगलावर एकीकडे सरकारी वनखात्याचा, तर दुसरीकडे अहेरीसारख्या जमीनदारींचा ताबा होता. मालगुजारी गावांत रयतेचे सरपण, चराई व लाकूडफाटा यांविषयीचे रिवाज ‘वाजिब-उल-अर्ज’ या दप्तरात नोंदले जात. ते रिवाज ठरविण्याचा अधिकार मात्र मंडळाकडे नव्हता व गावाकडेही नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मध्यप्रांत-वऱ्हाड शासनाने १९४८ मध्ये जनपद योजना अमलात आणली. जिल्हा मंडळाऐवजी तहसील हा स्वराज्याचा घटक मानून प्रत्येक तहसिलीस जनपद सभा देण्यात आली. शासकीय यंत्रणा व लोकनियुक्त सभा यांची सांगड घालण्याचा तो धाडसी प्रयत्न होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु तहसिलीसारख्या विस्तीर्ण घटकात शेकडो वस्त्यांचा आवाज विरून जाणे अपरिहार्य होते. याच सुमारास, १९५० च्या कायद्याने, मालगुजारी व जमीनदारी हक्क रद्द झाले व त्यांची जंगले राज्याकडे आली. रयतेच्या गरजा पुढे ‘निस्तार हक्क’ म्हणून कागदोपत्री राहिल्या. जमीनदार गेला व त्याच्या जागी वनखाते आले. गावाचे स्थान मात्र पूर्वीप्रमाणेच मागणाऱ्याचे राहिले.

१९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जनपदांची जागा नव्या रचनेने घेतली. ग्रामपंचायती १९५८ च्या कायद्याखाली होत्या. त्या कायद्यात ग्रामसभेस स्थान होते, तरी कारभार निवडून आलेल्या पंचांकडे होता. शिवाय विरळ वस्तीच्या अरण्यप्रदेशात अनेक वस्त्या मिळून एकच गटग्रामपंचायत असे. ज्या वस्तीचे जंगल, तिचाच निर्णय, असे मग घडत नसे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ‘गाव’ कोणते, हा शाब्दिक वाटणारा प्रश्नच येथे सत्तेचा मूळ प्रश्न होऊन बसला.

गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. त्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा हे चार-पाचशे वस्तीचे गोंड गाव लेखा गटग्रामपंचायतीत असल्यामुळे ‘मेंढा (लेखा)’ या नावाने ओळखले जाते. १९८० नंतरच्या दशकात देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहभागाने तेथे जी कार्यपद्धती घडली, तिची तीन वैशिष्ट्ये नोंदण्याजोगी आहेत. निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतो, हे पहिले. निर्णयापूर्वी अभ्यासगटात विषयाची चर्चा होते, हे दुसरे. आणि आपल्या हद्दीतील जंगलाचे रक्षण व वापर ही ग्रामसभेची जबाबदारी मानली जाते, हे तिसरे व सर्वांत महत्त्वाचे. गावाने हा अधिकार प्रथम आचरणात आणला. कायदा त्यामागून आला.

तो कायदा दोन टप्प्यांनी आला. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये अमलात आली, परंतु ती अनुसूचित क्षेत्रांस आपोआप लागू नव्हती. भूरिया समितीच्या अहवालानंतर १९९६ चा पंचायत विस्तार कायदा (पेसा) झाला. त्याने आपल्या परंपरेनुसार कारभार पाहणारी वस्ती किंवा वस्तीसमूह म्हणजे गाव, अशी व्याख्या केली. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क मान्य केला आणि बांबूस गौण वनोपज ठरविले. २००९ मध्ये मेंढ्यास सुमारे १८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला. त्याच जिल्ह्यातील मर्दा या गावासह तो देशातील आरंभीच्या मान्यतांपैकी होता. तरीही बांबू विकण्याची वेळ येताच वाहतूक परवान्याचा वाद उभा राहिला. कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबूची गणना वृक्षांत होती. २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवाना-पुस्तिका ग्रामसभेच्या हाती दिली, तेव्हा तो वाद मिटला. बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये. हक्क मिळणे व तो वापरता येणे यांत केवढे अंतर असते, हे या एका वादावरून दिसून येते.

येथे स्वित्झर्लंडची तुलना उद्बोधक ठरेल. त्या देशात संघराज्य, कॅंटन व ग्रामसंघ अशी तीन स्तरांची रचना आहे. १९९९ च्या संघराज्यघटनेने ग्रामसंघांच्या स्वायत्ततेस कॅंटनच्या कायद्यानुसार हमी दिली आहे. सर्व रहिवाशांच्या ग्रामसंघाखेरीज अनेक ठिकाणी वने व कुरणे सांभाळणारा मूळ नागरिकांचा निराळा संघही असतो. व्हाले कॅंटनमधील ट्योर्बेल या गावात सामाईक कुरण व वन यांच्या व्यवस्थेचा १४८३ चा लेख उपलब्ध आहे. हिवाळ्यात जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळी कुरणावर सोडाव्यात, असा नियम तेथे १५१७ मध्ये झाला. नियम करणारे व नियम पाळणारे एकच असले म्हणजे सामाईक संपत्ती टिकू शकते, याचे हे जुने उदाहरण होय.

परंतु प्राचीनत्वाने समता सिद्ध होत नाही. स्विस स्त्रियांना संघीय मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. आपेन्झेल इनररोडनच्या उघड्या मैदानावरील सभेत तर त्यांना १९९० मधील न्यायालयीन निर्णयानंतरच स्थान मिळाले. मेंढ्याच्या ग्रामसभेत स्त्रियांचा सहभाग हा निर्णयप्रक्रियेचाच भाग मानला जातो. या बाबतीत तरी तुलनेचे पारडे आपल्याकडे झुकते.

दुसऱ्या बाबतीत ते झुकत नाही. ट्योर्बेलच्या नियमांस शतकानुशतकांची मान्यता लाभली. आपल्या ग्रामसभेस ती नुकतीच व तीही अपुरी मिळाली आहे. बांबू व तेंदू यांवर तिचा अधिकार मान्य झाला; पण भूगर्भातील लोहखनिजाविषयी तसे म्हणता येत नाही. पेसा कायद्यात खनिजांसंबंधी पूर्वशिफारशीची अट आहे ती गौण खनिजांपुरती, आणि लोहखनिज त्यांत मोडत नाही. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील खाणकामास त्या इलाख्यातील ग्रामसभांनी केलेला विरोध या पार्श्वभूमीवर समजून घेतला पाहिजे. जनपद सभेच्या काळी जंगल स्वराज्याच्या कक्षेबाहेर होते; आज जंगल आत आले आहे, पण त्याखालची भूमी बाहेर आहे. वरून सोपविलेली सत्ता व गावातून उगवलेली सत्ता यांच्यामधील सीमारेषा या प्रदेशात अशी सरकत आली असून ती अद्याप स्थिर झालेली नाही. तिचा पुढील इतिहास लिहिताना शासकीय राजपत्रांइतकीच ग्रामसभांची इतिवृत्तेही अभ्यासकास वाचावी लागतील.