बर्नआउट हा शब्द व्यसनमुक्तीच्या दवाखान्यातून आला

धाराशिवहून मी बोलतोय. आज एका शब्दाचा इतिहास. 'बर्नआउट झालंय यार' असं आपण ऑफिसबद्दल, एमपीएससीच्या अभ्यासाबद्दल सर्रास म्हणतो. पण हा शब्द मुळात ऑफिसमधला नाहीच. तो आला व्यसनात अडकलेल्यांची सेवा करणाऱ्यांकडून.

साल १९६७. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या हाईट-ॲशबरी भागात हजारो तरुण जमले होते आणि एलएसडीचा सुकाळ होता. डॉ. डेव्हिड स्मिथ यांनी तिथं मोफत दवाखाना काढला. एलएसडी घेऊन भेदरलेल्या पोराला शांत खोलीत बसवायचं आणि नशा उतरेपर्यंत त्याच्याशी हळू आवाजात बोलत राहायचं, हे काम स्वयंसेवक करायचे. तासन्‌तास.

हे काम जवळून पाहिलं हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने. लहानपणी नाझी जर्मनीतून सुटून ते अमेरिकेत आले होते. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट मार्क्स मोफत दवाखान्यात ते काम करू लागले. दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस आणि रात्री उशिरापर्यंत हा दवाखाना. नशेने पार संपलेल्या माणसाला तिथल्या बोलीत 'बर्न्ट आउट' म्हणायचे. फ्रॉयडेनबर्गर यांच्या लक्षात आलं, की उपचार करणारेही तसेच जळून चाललेत. त्यात ते स्वतःही होते. कुटुंबासोबत सुट्टीला निघायच्या दिवशी त्यांना अंथरुणातून उठवेना. मग त्यांनी स्वतःचं बोलणं टेपवर रेकॉर्ड केलं आणि परक्या माणसाचं ऐकावं तसं ऐकलं.

१९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला. त्यातला मुद्दा आजही झोंबतो: आळशी माणूस जळत नाही, झोकून देणारा जळतो. उपायही त्यांनी साधे सांगितले. कामाचे तास ठरवा, एकालाच रोज अवघड काम देऊ नका, आणि आपसात मोकळेपणी बोला.

आता गंमत बघा. १९५०च्या दशकात कॅनडात हम्फ्री ऑसमंड आणि अब्राम हॉफर दारूच्या रुग्णांना एलएसडी देऊन उपचार करत होते. आता अशा औषधांवर पुन्हा संशोधन सुरू झालंय. २०२२ साली न्यूयॉर्कमधल्या मायकेल बोगेनशुट्झ यांच्या गटाचा, दारूच्या रुग्णांना सायलोसायबिन देऊन केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका रुग्णासोबत दोन थेरपिस्ट होते. एका सत्राला अख्खा दिवस जातो, आणि भार दोघांत. (भारतात १९८५च्या एनडीपीएस कायद्याने या दोन्ही पदार्थांवर बंदी आहे. उगाच प्रयोग करू नका, प्लीज.)

आपल्याकडे औषधं वेगळी, पण थकवा तोच. १९८०च्या दशकात पुण्या-मुंबईत ब्राऊन शुगर म्हणजे गर्द पसरली. डॉ. अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी मदत दिली आणि १९८६ साली पुण्यात 'मुक्तांगण' सुरू झालं. कामाचा डोलारा सांभाळला मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांनी. सगळे त्यांना 'मॅडम' म्हणत. व्यसनातून बाहेर आलेले मित्रच तिथं कार्यकर्ते झाले. रुग्णांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट निघाला. १९९७ साली कॅन्सरने मॅडम गेल्या, तरी मुक्तांगण चालू राहिलं. मला यात इतिहासाचा खरा धडा दिसतो: काम एकट्याच्या खांद्यावर नव्हतं, म्हणून टिकलं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. शेतकरी आत्महत्या रोखायला २०१५ साली सरकारने 'बळीराजा चेतना अभियान' सुरू केलं, ते यवतमाळ आणि आपल्या तेव्हाच्या उस्मानाबादेत. 'प्रेरणा' प्रकल्पात आशाताईंना घरोघर जाऊन नैराश्याची लक्षणं विचारायचं काम आलं. लसीकरण, बाळंतपणं, सर्वेक्षणं हे सगळं आधीचं होतंच. एखाद्या घरात कर्ज, दारू, रडणं सगळं एकदमच बाहेर येतं. ते ऐकून ताई घरी जाते, चूल पेटवते. तिचं कोण ऐकतं?

'ताई, योगा करा' एवढं सांगून भागणार नाही. अवघड घरी दोघींनी मिळून जावं. महिन्याच्या बैठकीत रजिस्टर तपासण्याआधी अर्धा तास फक्त त्यांचं ऐकावं. गंभीर केस पुढे कुणाकडे सोपवायची, तो फोन नंबर हातात असावा आणि तो उचललाही जावा. फ्रॉयडेनबर्गर यांनी १९७४ साली सांगितलं, ते याहून फार वेगळं नव्हतं.

तुमच्या गावच्या आशाताई किंवा समुपदेशक भेटले, तर काम सांगण्याआधी विचारा, 'तुम्ही कशा आहात?' आणि उत्तर पूर्ण ऐका. भेटू पुढच्या भागात!