पसंतीक्रम, पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातील

एमबीबीएस झालेल्या डॉक्टरला एमडी किंवा एमएससाठी कोणती शाखा, कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या क्रमाने हवी, याची त्याने प्रवेशफेरीत भरलेली यादी. बोलताना ‘चॉईस फिलिंग’. सरकारी व पालिका महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून, उरलेल्या राज्याच्या सीईटी कक्षामार्फत भरतात. या कोट्याचा उगम १९८४ च्या प्रदीप जैन खटल्यात आहे. पदव्युत्तर जागांवरील रहिवासाधारित आरक्षण सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०२५ रोजी घटनाबाह्य ठरवले.

जागावाटप नीट-पीजीच्या गुणानुक्रमाने होते. ज्याची पाळी येते त्याची यादी वरून खाली तपासली जाते आणि प्रवर्गानुसार मोकळी असलेली पहिली जागा त्याला मिळते. म्हणून आवाक्याबाहेरचे महाविद्यालय वर टाकल्याने खालची जागा हुकत नाही. घाबरून क्रम खाली ओढणाऱ्याचेच नुकसान होते. अमेरिकेत १९५२ पासून रुग्णालयेही उमेदवारांचा क्रम लावतात. आपल्याकडे सगळी भिस्त उमेदवाराच्या यादीवर.

दिव्यातल्या उमेदवाराला ही यादी मध्य रेल्वेच्या धीम्या मार्गावरच दिसते. मुंब्र्यानंतर कळवा : तेथे ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय व ५०० खाटांचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. पुढे शीवचे लोकमान्य टिळक, परळचे सेठ जी. एस. व केईएम (१९२६), भायखळ्याला ग्रँट (१८४५) व जे. जे. घरच्यांना कळवा वर हवे असते. पण पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, म्हणजे ‘जेआर-१’ला, पहाटे नमुने घ्यायचे, राउंडआधी कागद तयार ठेवायचे आणि इमर्जन्सीची रात्र काढून पुन्हा वॉर्डात उभे राहायचे असते, दोन स्थानकांवरचे घरही तेव्हा लांबच. घराच्या अंतरापेक्षा वसतिगृहाची खोली आणि युनिटमधील सहनिवासींची संख्या आधी पाहावी. १९९२ च्या केंद्रीय निवासी योजनेत आठवड्याला ४८ तास काम सांगितले आहे. प्रत्यक्षातले तास तिथे शिकणारे सिनियरच सांगतात. निवासी डॉक्टरांच्या ‘मार्ड’ या संघटनेच्या आंदोलनांत विद्यावेतन आणि वसतिगृह हे विषय पुन्हा पुन्हा आले, ते उगाच नाही.

खरा पेच शाखा आधी की महाविद्यालय, हा. ‘केईएम मेडिसिन, शीव मेडिसिन, केईएम भूलशास्त्र’ अशी यादी लिहिणारा शाखेला मान देतो. ‘केईएम मेडिसिन, केईएम भूलशास्त्र, शीव मेडिसिन’ लिहिणारा नावाला. महाविद्यालयातली वर्षे तीन, शाखा जन्मभराची; पहिली यादीच शहाणपणाची. अर्थात भूलशास्त्र मनापासून आवडत असेल तर ते बेधडक वर घ्यावे.

जिथे रुजू व्हायचे नाही ती जागा यादीत नकोच. अखिल भारतीय कोट्यात दुसऱ्या फेरीची जागा नाकारली की अनामत जप्त होते, आणि तिसऱ्या फेरीत रुजू झाल्यावर राजीनामा देता येत नाही.