दासोच्या कारखान्याचे कारभारी



गेटसभेत बोलण्याची सवय असलेल्या माणसाने वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर उभे राहून फ्रान्समधल्या लढाऊ विमानांच्या कंपनीच्या कारभाऱ्यांचा इतिहास सांगावा, याचे पुष्कळांना नवल वाटले असेल. मी कॉलेजचे तोंड पाहिलेले नाही. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर बसून. मात्र तेथे मला एक सवय लागली. कोणत्याही मोठ्या कारखान्याचा इतिहास हाती आला की मी एका कागदावर त्याच्या कारभाऱ्यांची नावे सनावळीसह लिहितो, दुसऱ्या कागदावर तेथे झालेल्या संपांच्या तारखा लिहितो आणि दोन्ही कागद शेजारी ठेवतो. मग पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

राफेल विमाने बनविणाऱ्या कंपनीचे नाव आपल्या वर्तमानपत्रांत कधी दसॉल्ट तर कधी दसॉ असे छापले जाते. फ्रेंच लोक ते दासो असे उच्चारतात. या विमानांची किंमत आणि वेग यांविषयी आपल्याकडे रणे माजली. ती बनविणाऱ्या घराण्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. या कंपनीच्या माथ्यावरची मुख्य नावे मोजली तर ती पाचच भरतात: संस्थापक मार्सेल दासो, त्यांचे विश्वासू बेनो-क्लोद व्हालिएर, पुत्र सेर्ज दासो, हिशेबनीस म्हणून आलेले शार्ल एदेल्स्तेन आणि २०१३ पासून कारभार पाहणारे एरिक त्रापिए. आज मला मुख्यतः पहिल्या नावाविषयी बोलावयाचे आहे, आणि त्याच्या जोडीने अशा एका माणसाविषयी, की ज्याचे नाव या यादीत कधीच नव्हते.

मार्सेल यांचा जन्म १८९२ साली पॅरिसमध्ये एका ज्यू डॉक्टरच्या घरी झाला. आडनाव ब्लॉक. १९०९ साली एक विमान आयफेल मनोऱ्याला वळसा घालून गेले, ते या शाळकरी पोराने शाळेच्या अंगणातून पाहिले आणि त्याच्या डोक्यात विमानाने जे घर केले ते कायमचे. विमानविद्येची पदवी घेतल्यावर पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, त्यांनी एक नवा पंखा काढला. तो एका फर्निचरवाल्याच्या कारखान्यात लाकडातून घडविला गेला. म्हणजे दासो घराण्याच्या भाग्याचा पहिला तुकडा सुतारांच्या हातून उतरला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पुढे आंरी पोतेझ यांच्या भागीत त्यांनी विमान बांधले, सरकारने एक हजार नगांची मागणी नोंदविली आणि तेवढ्यात १९१८ साली युद्ध संपले. मागणी रद्द झाली. विमाने शंभराच्या आसपासच तयार झाली. ब्लॉक फर्निचर आणि घरबांधणीच्या धंद्यात शिरले आणि दहाएक वर्षांनी, फ्रान्समध्ये स्वतंत्र हवाई मंत्रालय झाल्यावर, पुन्हा विमानांकडे वळले.

आता दुसरा कागद पाहू. १९३६ च्या मे महिन्यात फ्रान्समध्ये जी संपाची लाट उसळली, तिचा उगम विमानांच्याच कारखान्यांत झाला. ११ मे रोजी ल हाव्रच्या ब्रेगे कारखान्यात आणि १३ मे रोजी तुलूझच्या लातेकोएर कारखान्यात, मे दिनाला काम बंद ठेवल्याबद्दल काढून टाकलेल्या सोबत्यांसाठी कामगारांनी काम थांबविले. १४ मे रोजी पॅरिसलगतच्या कूर्बव्वा येथे ब्लॉक यांच्या कारखान्यातील कामगार संपावर गेले. नेहमीच्या संपात कामगार बाहेर पडतो आणि मालक फाटकाला कुलूप लावतो. येथे कामगार बाहेर पडलेच नाहीत. त्यांनी यंत्रांजवळ रात्र काढली. जूनमध्ये ही लाट साऱ्या देशावर पसरली आणि लाखो कामगार त्यात उतरले. लेओं ब्लूम यांचे लोकआघाडीचे सरकार नुकतेच आले होते. मातिन्यों येथे करार झाला, आणि त्याच महिन्यात आठवड्याला चाळीस तास काम व वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा यांचे कायदे झाले. समुद्र म्हणजे काय हे ज्यांनी कधी पाहिले नव्हते, अशी कुटुंबे त्या उन्हाळ्यात समुद्रकिनारी गेली.

११ ऑगस्ट १९३६ च्या कायद्याने सरकारने युद्धसामग्रीचे कारखाने राष्ट्राच्या मालकीचे करण्याचा मार्ग मोकळा केला. विमानांच्या धंद्यात सहा राष्ट्रीय कंपन्या निघाल्या. ब्लॉक यांचे कारखाने गेले, पण ब्लॉक गेले नाहीत. नैर्ऋत्येकडील राष्ट्रीय कंपनीचा कारभार सरकारने त्यांच्याच हाती दिला. शिवाय त्यांनी आपली नकाशे काढण्याची कचेरी स्वतंत्र कंपनी म्हणून जवळ ठेवली. मालकी गेली तरी चालेल, नकाशा आणि तो काढणारे हुशार लोक हाती असले की मालकी पुन्हा उभी करता येते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

१९४० साली फ्रान्स पडला. व्हिशी सरकारने त्यांना अटकेत टाकले. जर्मनांसाठी विमाने बांधण्यास त्यांनी नकार दिला आणि पुढेही तो मागे घेतला नाही. १९४४ साली ते जर्मनांच्या हाती पडले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बूखेनवाल्डच्या छळछावणीत पोहोचले. वय बावन्न, प्रकृती तोळामासा, जात ज्यू. अशा माणसाचे तेथे दिवस मोजलेले असत.

येथे तो दुसरा माणूस भेटतो. मार्सेल पोल. तोही मार्सेलच, पण जन्मतः टाकून दिलेला. १९०० साली पॅरिसच्या एका चौकात सापडलेले हे अर्भक सरकारी अनाथखात्यात वाढले. कोवळ्या वयात शेतावर राबायला गेले. पुढे हा मुलगा वीजकामगार झाला, कम्युनिस्ट झाला आणि आपल्या धंद्यातील संघटनेचा पुढारी झाला. बूखेनवाल्डमधील फ्रेंच कैद्यांच्या गुप्त समितीचा तो एक प्रमुख होता. ज्या वर्गाच्या माणसांनी आठ वर्षांपूर्वी ब्लॉक यांच्या कारखान्याचा ताबा घेतला होता, त्याच वर्गाच्या आणि त्याच पंथाच्या माणसाने आता त्यांना पंखाखाली घेतले. समितीने त्यांना मारक कामांपासून आणि जीवघेण्या बदल्यांपासून दूर ठेवले. युद्ध संपल्यावर देशाला या माणसाची गरज लागेल, असा पोल आणि त्यांच्या सोबत्यांचा विचार होता.

ही गोष्ट गोड करून सांगण्याचा मोह मला टाळला पाहिजे. त्या छावणीत एकाचे नाव यादीतून काढले, की यादी भरण्यासाठी पुष्कळदा दुसऱ्याचे नाव घालावे लागे. या समितीवर पुढे तसे आरोप झाले आणि ते वाचताना घास घशाखाली उतरत नाही. वाचविण्याचा अधिकार ज्याच्या हाती आला, त्याच्या हाती न वाचविण्याचाही आला. आपण पंख्याच्या वाऱ्याखाली बसून त्याचा न्याय करू नये. पण ते विसरूही नये.

११ एप्रिल १९४५ रोजी छावणी मुक्त झाली. ब्लॉक जिवंत परतले. त्यांचे भाऊ सेनापती होते आणि भूमिगत लढ्यात त्यांनी फ्रेंच भाषेतील रणगाड्याच्या नावावरून टोपणनाव घेतले होते. त्यावरूनच दासो हे नवे आडनाव घडले. मार्सेल पोल त्याच वर्षी नोव्हेंबरात उद्योगमंत्री झाले आणि एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी वीज व गॅस यांचे राष्ट्रीयीकरण करून घेतले. अनाथखात्यातल्या पोराने साऱ्या फ्रान्सचे दिवे राष्ट्राच्या मालकीचे केले.

आणि दासो? १९४९ साली त्यांचे उरागां हे जेट विमान उडाले. १९५३ पासून हेच विमान आपल्याकडे ‘तूफानी’ या नावाने आले, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवामुक्तीच्या वेळी दीववर जी विमाने गेली त्यांत ते होते. पुढे मिस्तेर आले, मिराज आले. अध्यक्षपदाच्या खुर्चीत त्यांनी व्हालिएर यांना बसविले आणि आपण स्वतः मागे राहून नकाशांवर नजर ठेवली. ते उजव्या पक्षातर्फे दीर्घकाळ खासदार राहिले आणि फ्रान्समधील अत्यंत धनाढ्य माणसांत गणले गेले. १९६७ साली त्यांनी ब्रेगे कंपनीही ताब्यात घेतली. ज्या कंपनीच्या फाटकात १९३६ ची पहिली ठिणगी पडली, तीच ही. पोल यांचे ऋण मात्र ते आयुष्यभर उघडपणे मानीत राहिले. पोल १९८२ साली गेले, दासो १९८६ साली.

हे वाचताना मला माझी स्वतःची गोष्ट आठवते. एकोणिसाव्या वर्षी मी ठाण्याच्या बाजूला एका लहान कारखान्यात लेथवर मदतनीस म्हणून लागलो. शेठ मनाने चांगला होता. वडील आजारी पडले तेव्हा त्याने न मागता पैसे दिले आणि परत घेतले नाहीत. त्या उपकाराखाली मी इतका वाकलो, की सोबती युनियनची पावती फाडायला आले तेव्हा तीन वर्षे मी त्यांना टाळले. जुने टर्नर होते, त्यांना आम्ही मामा म्हणत असू. ते एकदाच म्हणाले, “बाळ, शेठ देवमाणूस आहे खरा. पण तुझं नाव मस्टरवर आहे का, ते एकदा बघ.” मी बघितले नाही. शेठ वारला, मुलांनी वर्षभरात कारखाना मोडला. हिशेबाच्या वेळी कळले, की आमच्यापैकी निम्म्यांची नावे मस्टरवर कधी चढलीच नव्हती. मामांची पंचवीस वर्षे कागदावर सात भरली. शेठचा चांगुलपणा खरा होता, पण तो शेठबरोबर चितेवर गेला. दुसऱ्या दिवशी मी पावती फाडली. उशीर झाला होता.

म्हणून दासोंच्या कृतज्ञतेकडे मी आदराने पाहतो, पण तिच्यावर भिस्त ठेवीत नाही. ती एका माणसाची दुसऱ्या माणसाशी होती. तिला वारस नव्हता. १९८६ साली पुत्र सेर्ज अध्यक्ष झाले. तेही तरुणपणी आईबरोबर जर्मनांच्या कैदेत राहिलेले. परंतु त्यांची ख्याती धंद्यातील आणि राजकारणातील कडव्या उजव्या मतांसाठीच झाली. बेल्जियमच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९८ साली एका लाच प्रकरणात त्यांना दोन वर्षांची स्थगित शिक्षा दिली. त्यानंतर २००० साली एदेल्स्तेन आणि २०१३ साली त्रापिए आले. दोघेही घराण्याबाहेरचे, कंपनीतच वाढलेले. पण सुमारे दोनतृतीयांश भाग दासो घराण्याच्या कंपनीकडेच राहिले. ३ डिसेंबर २०२१ रोजी संयुक्त अरब अमिरातीने ऐंशी राफेलची मागणी नोंदविली. त्याच हिवाळ्यात दासोच्या कारखान्यांतील कामगार पगारवाढीसाठी फाटकावर उभे होते. कारभाऱ्यांनी बूखेनवाल्डचे स्मरण ठेवून पगार वाढविला असता, तर त्यांना तेथे उभे राहावे लागले नसते.

याउलट १९३६ चे पाहा. कूर्बव्वाला यंत्राजवळ रात्र काढलेल्या त्या माणसांची नावे आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांच्यावर कोणी उपकार केला नव्हता, त्यांनी कोणाचे आभार मानले नव्हते. पण त्या लाटेतून जी भरपगारी रजा कायद्यात शिरली, ती युद्ध संपल्यावरही उरली, सरकारे बदलली तरी उरली, पुढे दोनाचे पाच आठवडे झाले. दासोंच्या कारखान्यात आज कामाला लागणाऱ्या पोराला ती मिळते. त्यासाठी त्याला मालकाचा स्वभाव विचारावा लागत नाही.

ही कंपनी आता आपल्या दारात आली आहे. २०१७ साली नागपूरच्या मिहानमध्ये तिच्या भागीतील कारखान्याची कोनशिला बसली. आपली विदर्भातली मुले तेथे विमानांचे भाग जोडतात. कोणी त्यांना विचारील, तुमचे साहेब कसे आहेत? साहेब चांगले असतील तर आनंदच आहे. पण मी त्यांना मामांचाच प्रश्न विचारीन, आणि उत्तर हाती कागद घेऊन द्या म्हणेन.

मार्सेल पोल यांनी एका मालकाला वाचविताना परतफेड मागितली नाही, ही त्यांची थोरवी. परंतु मंत्री झाल्यावर त्यांनी वीजकामगारांचे हक्क कोणाच्या कृतज्ञतेवर सोडले नाहीत. ते कायद्यात लिहून घेतले. माणसावर दया करावी आणि हक्क लिहून घ्यावा, ही दोन्ही कामे एकाच माणसाने कशी केली, एवढेच आज मला आपल्यापुढे ठेवावयाचे होते.