बर्डीच्या आबदारखान्यात

मोबाइल इथंच ठेवा, मेट्रोचं कार्डही ठेवा. टोपी मात्र घ्या, कारण महिना मेचाच आहे. साल 1805.

जागा नागपूरच्या बर्डीचीच, पण ओळखीचं काही शोधू नका. टेकडीवर किल्ला नाही. तो 1817 च्या लढाईनंतर बांधतील. रेल्वे यायला अजून 62 वर्षं आहेत. शहर पूर्वेला, महालाच्या अंगाला. मध्ये ही उघडी टेकडी आणि तिच्या पश्चिमेला इंग्रज रेसिडेंटचे बंगले. ऊन तेवढं तेच. बंगल्याच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लावल्यात आणि एक पोरगा त्यांच्यावर पाणी मारतोय. कूलर बाहेर काढल्यावर घरभर जो वास सुटतो, तोच हा.

समोरच्या दारानं जाऊ नका. आत जेवणाचं टेबल मांडलंय, पण तिथं तुम्हाला जागा नाही. यजमान माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, वय 25. ग्रीक वाचणारा, शिकारीचा वेडा. दीड वर्षापूर्वी गाविलगडाच्या खिंडारातून आत घुसलेल्या इंग्रज फौजेबरोबर हा होता. त्यानंतर दोन दिवसांत, 17 डिसेंबर 1803 ला देवगावचा तह झाला. दुसऱ्या रघूजी भोसल्यांच्या हातून कटक गेलं, वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख गेला, आणि दरबारावर नजर ठेवायला रेसिडेंट येऊन बसला. महालातला माणूस याच्या पंगतीला बसणार नाही, आणि बसतो म्हणाला तरी हे इंग्रज बसवणार नाहीत. तेव्हा मागच्या पडवीतून या.

इथं आबदार बसलाय. साहेबांचं पाणी आणि वाइन गार करणं हे त्याचं काम. पुढ्यात पाण्याचं भांडं, हाताशी शोऱ्याचा ढीग. मूठभर शोरा पाण्यात टाकायचा आणि बाटलीची मान धरून ती त्यात फिरवत राहायची. शोरा विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतो, पाणी गार पडतं, पाठोपाठ बाटली. ही युक्ती इंग्रजांची नव्हे, अकबराच्या वेळेपासूनची. साहेबाच्या हाताखाली कुणी रसायनशास्त्र जाणत असेल तर तो हाच.

बाटलीत मदेरा आहे, पोर्तुगालच्या ताब्यातल्या अटलांटिकमधल्या एका बेटाची वाइन. या काळात हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या टेबलावर तिच्याशिवाय भागत नाही. एक तर फ्रान्सशी लढाई चालू आहे आणि पोर्तुगाल दोस्त. पण राजकारण जाऊ द्या, खरं कारण तुम्हाला जिभेवरच कळेल.

जेवण उरकतं, डिकँटर परत येतो, तळाशी दोन घोट उरलेले. आबदार साहेबाबरोबर उत्तरेकडून आलेला, पण इथला उन्हाळा त्याच्या बोलीत शिरलाय. तो एका लहान पेल्यात ओततो. तुम्ही नाक खुपसून बसता.

“काय वास घेऊन राहिला भाऊ नुसता? घे ना. पण जल्दी नको करू.”

रंग गडद, तांबूस. पहिल्यांदा वाइन पिणाऱ्याची अपेक्षा दोनच गोष्टींची असते: गोड सरबत किंवा आंबलेली द्राक्षं. ही दोन्ही नाही. वासाला वाळायला घातलेली मोहफुलं, तीन-चार दिवस उन्हात पडलेली, जराशी धुरकट. म्हणून तुम्ही गोडाच्या तयारीनं घोट घेता आणि गालाच्या आतल्या बाजूंना आंबटपणा असा चावतो की डोळे बारीक होतात. लगेच गिळू नका. क्षणभर तोंडात धरा. आंबट मागे सरतं, मग भाजल्यासारखी कडसर चव येते, आणि गिळल्यावर छातीत ऊब उतरते. तिच्यात द्राक्षाची ब्रँडी मिसळलेली असते. आजच्या बाटलीवर साधारण 19 टक्के लिहिलेलं सापडेल. दुसरा घोट पहिल्यापेक्षा बरा लागतो. नवख्यानं मत द्यायचं ते दुसऱ्या घोटानंतर.

गोव्याहून येताना कुणीतरी आणलेली गोड ‘पोर्ट’ हीच तुमची पोर्तुगीज वाइनची ओळख असेल, तर तिला आता रजा द्या. ती इथल्याच द्राक्षांची असते आणि बहुतेकदा नुसती गोड. खरी पोर्ट दोरू नदीच्या खोऱ्यातली; त्या खोऱ्याची हद्द पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं 1756 मध्येच आखून दिली होती. ती निराळी यात्रा, पुन्हा कधीतरी.

आबदार कोपऱ्यातली एक बाटली दाखवतो. फ्रेंच तांबडी, उघडी राहिली आणि या उन्हात तिचा सिरका झाला. शेजारची मदेराची बाटलीही उघडीच आहे, कधीची ते त्याला आठवत नाही. तिला काही झालेलं नाही. मला या वाइनबद्दल आदर आहे तो या एका गोष्टीसाठी. नागपूरचा मे महिना जिला बिघडवू शकत नाही अशी वाइन जगात दुसरी शोधून दाखवा. बिघडायचं ते सगळं तिचं आधीच होऊन गेलंय. कुठं, ते बघायला मागं जाऊ.

1804. तुम्ही ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजाच्या तळात आहात. अंधार, डांबराचा वास, आणि ओळीनं पिंपं. एकेकात 400 लिटरहून जास्त वाइन. जहाज अटलांटिकमध्ये विषुववृत्त ओलांडतं, आफ्रिकेला वळसा घालतं, हिंदी महासागरात पुन्हा विषुववृत्त ओलांडतं. तळ भट्टीसारखा तापतो, थंड होतो, पुन्हा तापतो. लाकडातून हवा आत झिरपते, वाइन थोडी उडून जाते, उरलेली हलत राहते. इतर कुठलीही वाइन इथं मेली असती. मदेरा इथंच तयार होते. व्यापाऱ्यांना हे आधी चुकून कळलं, मग त्यांनी त्याचा धंदा केला. हिंदुस्थानला जाऊन परत आलेल्या पिंपाला लंडनमध्ये जास्त दाम मिळू लागला. म्हणजे नुसत्या प्रवासाची किंमत! अठराव्या शतकाच्या अखेरीस तर बेटावरच तापवलेल्या खोल्या बांधून त्यांत वाइन ठेवायला सुरुवात झाली. जहाजाचं भाडं वाचलं. चवीचं काय झालं, यावर जुने पिणारे भांडत बसले.

आणखी मागं. जानेवारी 1804, मदेराच्या बेटावरचं फुंशाल. गावात अजून चिखल उपसणं चालू आहे. तीन महिन्यांपूर्वी, 9 ऑक्टोबर 1803 ला, डोंगरातून पूर आला आणि शेकडो माणसं वाहून गेली. पूर येण्याआधी द्राक्षं उतरली होती. चढावर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, पाटाचं पाणी. तिथून रस खाली आणतात तो बकऱ्याच्या कातड्याच्या पखालीतून, माणसांच्या पाठीवर. सप्टेंबरात इथं ही द्राक्षं तुडवली जात होती, त्याच सुमाराला, 23 तारखेला, असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांची फौज इंग्रजांपुढं हरत होती, आणि तुमचा तो पंचविशीतला यजमान त्या मैदानात इंग्रज सेनापती वेलस्लीच्या शेजारी घोड्यावर होता. घोटभर वाइन आणि तिचा पिणारा, दोघंही एकाच महिन्यात नागपूरच्या वाटेला लागले म्हणायचे.

व्यापारी तुम्हाला कोठारात नेतो. चार जाती दाखवतो: सर्सियाल सगळ्यांत कोरडी, मग व्हर्देल्यो, मग बुआल, आणि शेवटी गोड माल्व्हाझिया. आजही दुकानात हीच नावं दिसतील. नवख्यानं व्हर्देल्योपासून सुरुवात करावी असं माझं मत. सर्सियाल पहिल्याच दिवशी घेतलीत तर पोर्तुगालचं नाव टाकाल.

मग तो तुमच्या जहाजावर चढणाऱ्या पिंपातली वाइन पेल्यात काढतो. फिकी. नुसती आंबट. मोहफुलं नाहीत, धूर नाही, काही नाही. आबदारानं दिलेली ती हीच का, असं तुम्ही विचारता.

“अजून कुठं गेली आहे ती?” तो म्हणतो. “तुमच्याकडं ऊन कसं असतं?”

तुम्ही नागपूरचा मे महिना त्याला सांगता. पत्र्यासारखं तापलेलं आभाळ, दुपारी ओस पडलेले रस्ते, रात्री बारालाही गरम असलेली भिंत. तो ऐकून घेतो, एकदा पिंपाकडं बघतो आणि पोऱ्याला ब्रँडीचं आणखी एक माप ओतायला सांगतो.